सूत्र बरोबर, सामग्री चूक

घरचा हिशेब लिहिणें ही आपल्या कुटुंबांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली जबाबदारी आहे. पूर्वीं घरचे कर्ते पुरुष दिवसाची कीर्द लिहून मगच निजावयास जात. आज तेंच काम पुष्कळ घरांतून मुलगा, सून किंवा कॉलेजांत शिकणारी नात संगणकावरील कोष्टकांत करीत असते. हा बदल स्वागतार्हच आहे. वहींतील बेरजेंत हातचा विसरे, पान उलटतांना आंकडा गळे. संगणकाची बेरीज मात्र चुकत नाहीं. परंतु ह्याच खात्रीमुळें एक नवी गाफिली घरांत शिरली आहे. बेरीज चुकली नाहीं म्हणजे हिशेबही चुकला नाहीं, असें आपण समजूं लागलों आहों. वास्तविक संगणक आपणांस इतकेंच सांगतो कीं, 'जें मला दिलें त्यावरून हें उत्तर निघतें.' दिलेलें बरोबर होतें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम त्यानें कधींच पत्करलेलें नाहीं. सूत्राला दिलेल्या सामग्रींत कोणत्या चुका होतात, त्या कशा ओळखाव्या व कशा निस्तराव्या, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय कचेरींतील लोकांचा, घराशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यानें ठाण्याच्या कोलशेताकडे दृष्टि टाकावी. खाडीकांठचें हें आगरी-कोळ्यांच्या वस्तीचें गांव. पुढें तेथें रासायनिक कारखाने आले. आणि आतां एका जुन्या कारखान्याच्या आवारांत व कोलशेत रस्त्याच्या दुतर्फा उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. जागेच्या ओढीनें अशा ठिकाणीं बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबापुढें दर महिन्यास दोन हिशेब उभे असतात: एक घरासाठीं काढलेल्या कर्जाच्या हप्त्याचा, आणि दुसरा गृहनिर्माण संस्थेच्या वर्गणीचा. पहिल्यांत चूक झाली तर आजारपणाची व शिक्षणाची तरतूद कोलमडते. दुसऱ्यांत झाली तर शेजाऱ्याशीं असलेला सलोखा. हे दोन्ही हिशेब आज बहुधा कोष्टकांतील सूत्रांवरच चालतात. म्हणून तेच दोन आपण उदाहरणादाखल घेऊं.

फंक्शन आणि त्याचे रकाने

कोष्टकांतील सूत्रांत जीं तयार साधनें असतात त्यांस 'फंक्शन' म्हणतात. फंक्शन म्हणजे एकच काम चोख करणारा गुमास्ता समजावा. त्याच्या नांवापुढें कंस असतो, व त्या कंसांत त्याला लागणारी सामग्री स्वल्पविराम देऊन क्रमानें मांडावयाची असते. ह्या सामग्रीच्या प्रत्येक घटकास 'आर्ग्युमेंट' असें नांव आहे. बँकेंत पैसे भरण्याची चिठ्ठी आपण पाहिलीच आहे. तींत खात्याचा क्रमांक, रक्कम व तारीख ह्यांना स्वतंत्र जागा असतात. खातेक्रमांकाच्या जागीं रक्कम लिहिली तर खिडकीमागील माणूस हंसून चिठ्ठी परत देईल. परंतु आपला हा यांत्रिक गुमास्ता हंसत नाहीं. त्या जागीं संख्या हवी होती, ती मिळाली, एवढ्यावर तो समाधान मानतो व निमूटपणें कामाला लागतो. (फंक्शनांचीं नांवें संगणकावर रोमन अक्षरांनींच लिहावीं लागतात, येथें वाचनाच्या सोयीकरितां तीं नागरींत दिलीं आहेत.)

ही शिस्त आपणांस अगदीं नवी आहे असें मात्र नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. त्यांच्याच ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला, त्याचा शिलालेख प्रसिद्धच आहे. लीलावतींतील त्रैराशिकाचा नियम पाहावा. प्रमाण, फल व इच्छा अशा तीन राशि. पहिली व शेवटची एकाच जातीच्या, मधली निराळ्या जातीची. शेवटचीला मधलीनें गुणून पहिलीनें भागावें. पांच किलो तांदळास ४०० रुपये, तर बारा किलोस किती? प्रमाण ५, फल ४००, इच्छा १२. उत्तर ९६० रुपये. आतां प्रमाण व इच्छा ह्यांची अदलाबदल करून पाहा: उत्तर १६६ रुपये ६७ पैसे येईल. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, आणि बारा किलो तांदूळ पांच किलोंहून स्वस्त! राशीची जात कोणती, तिचें माप कोणतें व तिचें स्थान कोणतें, हे तीन प्रश्न त्रैराशिक मांडतांना जसे विचारावे लागतात, तसेच ते संगणकाच्या कंसांत कांहीं घालण्यापूर्वीं विचारावयाचे असतात. सामग्रीच्या बहुतेक चुका ह्या तीन प्रश्नांपैकीं एकाच्या विसरांतून जन्मतात.

एका हप्त्याचीं पांच उत्तरें

आतां गृहकर्जाचा हप्ता काढूं. कर्ज २० लाख रुपये, व्याज द. सा. द. शे. ९, मुदत २० वर्षें, फेड दरमहा. ह्यासाठीं 'पीएमटी' नांवाचें फंक्शन आहे. त्यास तीन गोष्टी अवश्य लागतात: व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या व मुद्दल. ह्यांखेरीज आणखी दोन गोष्टी देतां येतात, पण त्या ऐच्छिक आहेत: शेवटीं ठेवावयाची बाकी, आणि हप्ता महिन्याच्या आरंभीं भरावयाचा कीं अखेरीस. हप्ता मासिक, म्हणून दरही मासिक पाहिजे, म्हणजे ९ टक्क्यांचा बारावा हिस्सा. व हप्ते २० नव्हेत, २४०. असें दिलें असतां उत्तर सुमारें १७,९९५ रुपये येतें. तें ऋण चिन्हासह येतें, ह्यानें घाबरूं नये; पैसा घरांतून बाहेर जाणार, हें दाखविण्याची ती रीत आहे.

आतां चुका पाहा. दराला बारानें भागावयाचें राहिलें, हप्ते मात्र २४० दिले, तर हप्ता १,८०,००० रुपये येतो. दर भागला पण हप्त्यांच्या जागीं वर्षें म्हणून २० लिहिले, तर १,०८,००० रुपयांच्या वर जातो. ह्या दोन्ही उत्तरांनीं माणूस दचकतो, आणि दचकणें हेंच येथें हिताचें आहे.

तिसरी चूक खास आपल्याकडची आहे. आपण वीस लाख हे २०,००,००० असे स्वल्पविराम देऊन लिहितों. तसेंच ते कंसांत लिहिले तर? संगणकाच्या लेखीं स्वल्पविराम म्हणजे 'येथें एक आर्ग्युमेंट संपलें, पुढचें सुरू झालें.' त्यानें मुद्दल २० रुपये धरलें, शेवटची बाकी शून्य धरली, आणि हप्ता अखेरीस भरावयाचा असें समजलें. आर्ग्युमेंटांची संख्या बरोबर पांच भरली. तक्रारीस जागाच उरली नाहीं. उत्तर आलें अठरा पैसे! ह्याच न्यायानें 'सम' ह्या बेरजेच्या फंक्शनाच्या कंसांत १,२०,००० असें लिहिल्यास बेरीज होते २१. कारण एक, वीस आणि शून्य. सूत्रांत मोठी रक्कम लिहितांना स्वल्पविराम अजिबात देऊं नये. ती निराळ्या घरांत लिहावी व सूत्रांत त्या घराचा पत्ता द्यावा, हें सर्वांत उत्तम.

परंतु खरी भीति चवथ्या चुकीची आहे. दर वार्षिक ९ टक्के दिला, मुदत २० वर्षें दिली, व आलेल्या वार्षिक हप्त्यास बारानें भागलें. दोन्ही मापें वार्षिक, म्हणजे परस्परांशीं जुळतीं; उत्तर येतें १८,२५८ रुपये. हें ऐकून कोणीच दचकणार नाहीं. पण हें उत्तर वर्षाच्या अखेरीस एकरकमी भरणाऱ्याचें आहे. दरमहा भरणाऱ्याचें मुद्दल महिन्यामहिन्यास उतरत जातें, म्हणून त्याचें व्याज कमी. फरक महिन्यास २६३ रुपयांचा. २४० महिन्यांत तो ६३ हजारांवर जातो. अठरा पैशांची चूक लहान मूलही पकडील. २६३ रुपयांची चूक वीस वर्षें घरांत सुखानें नांदूं शकते.

ओरडणाऱ्या चुका

ह्यावरून चुकांच्या दोन जाती ध्यानांत येतील: ओरडणाऱ्या व मुक्या. ओरडणारी चूक संगणक स्वतःच जाहीर करतो. आर्ग्युमेंटें कमी पडलीं किंवा जास्त झालीं तर तो सूत्र स्वीकारतच नाहीं. इतर वेळीं घरांत आंकड्याऐवजीं एक खूण दिसते. त्या खुणांचा अर्थ माहीत असला म्हणजे अर्धें काम झालें.

'#व्हॅल्यू!' दिसलें तर आर्ग्युमेंटाची जात चुकली, म्हणजे संख्येच्या जागीं मजकूर गेला असें बहुधा समजावें. आपल्याकडे रकमेपुढें '१५००/-' असें लिहिण्याची जुनी चाल आहे. त्या तिरप्या रेघेमुळें ती रक्कम संगणकाच्या दृष्टीनें संख्या राहत नाहीं, मजकूर होते. '#एन/ए' म्हणजे जें शोधावयास सांगितलें तें सांपडलें नाहीं. नांवाच्या शेवटीं न दिसणारी मोकळी जागा राहणें, किंवा एकीकडे २०३ ही संख्या व दुसरीकडे २०३ हा मजकूर असणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. '#रेफ!' म्हणजे दिलेला पत्ताच अस्तित्वांत नाहीं. चार रकान्यांच्या कोष्टकांतून पांचवा रकाना मागितला तर हेंच होतें. '#नम!' म्हणजे संख्या दिली, पण ती त्या कामास अशक्य आहे; जसें ऋण संख्येचें वर्गमूळ. '#नेम?' म्हणजे फंक्शनाचें नांवच चुकलें, अथवा मजकुराभोवतीं अवतरणचिन्हें द्यावयाचीं राहिलीं.

परदेशांत मुलें असलेल्या घरांसाठीं आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. जर्मनींत दशांशासाठीं स्वल्पविराम वापरतात. म्हणून तेथील संगणकांवर दोन आर्ग्युमेंटांच्या मध्यें अर्धविराम द्यावा लागतो, व फंक्शनांचीं नांवेंही जर्मन असतात. संपूर्ण कोष्टक पाठविलें तर हें रूपांतर आपोआप होतें. पण मुलानें तेथून पत्रांत लिहून पाठविलेलें सूत्र येथें जसेंच्या तसें उतरवून घेतलें तर तें चालत नाहीं. त्यांत दोष मुलाचाही नाहीं व आईबापांचाही नाहीं.

मुक्या चुका

आतां गृहनिर्माण संस्थेचा हिशेब घेऊं, म्हणजे मुकी चूक किती घातक असते तें कळेल. समजा, थकबाकीचें एक कोष्टक आहे. त्यांत सदनिकांचे क्रमांक चढत्या क्रमानें लिहिले आहेत. २०१, २०२, मग २०४. मधली २०३ ची ओळ लिहावयाची राहून गेली. चिटणीस २०३ ची बाकी 'व्हीलुकअप' ह्या शोधक फंक्शनानें काढतात. त्यास चार आर्ग्युमेंटें असतात: काय शोधावें, कोठें शोधावें, कितव्या रकान्यांतील उत्तर आणावें, आणि तंतोतंत जुळणारेंच हवें कीं जवळचें चालेल. हें चवथें ऐच्छिक आहे. तें गाळलें तर 'जवळचें चालेल' असें फंक्शन स्वतःच ठरवितें. तें २०३ शोधतें, सांपडत नाहीं म्हणून त्याच्या अलीकडचें २०२ घेतें, आणि २०२ ची थकबाकी २०३ च्या नांवें आणून ठेवतें. खूण नाहीं, तक्रार नाहीं. दुसऱ्या दिवशीं सूचनाफलकावर थकबाकीदारांच्या यादींत एका निर्दोष गृहस्थाचें नांव झळकतें, आणि घरांतील वृद्ध आजोबांस जिन्यांत चार माणसांपुढें मान खालीं घालावी लागते. चवथ्या जागीं 'फॉल्स' हा एक शब्द लिहिला असता तर '#एन/ए' ही खूण आली असती, व राहिलेली ओळ तेथल्या तेथें उघडकीस आली असती. २०१९ साली जाहीर झालेल्या 'एक्सलुकअप' ह्या नव्या फंक्शनांत कांहीं न सांगितल्यास तंतोतंत जुळणारेंच शोधलें जातें. ज्यांच्या संगणकावर तें असेल त्यांनीं तेंच वापरावें.

बेरजेच्या फंक्शनाची मुकी खोडही अशीच आहे. वर सांगितलेली '१५००/-' ही रक्कम अधिक चिन्हानें मिळविली तर संगणक ओरडतो. पण रकान्याची बेरीज 'सम' ह्या फंक्शनानें केली तर तो ती रक्कम मुकाट्यानें वगळतो. वर्गणी भरणाऱ्यानें भरली, लिहिणाऱ्यानें लिहिली, आणि बेरजेंत ती नाहीं! 'सम-इफ' आणि 'सम-इफ्स' हीं दोन भावंडेंही सांभाळावीं. पहिल्यांत बेरजेचा रकाना शेवटीं द्यावयाचा, दुसऱ्यांत तोच अगदीं आरंभीं. त्यांतून 'सम-इफ' मध्यें नांवांचा रकाना दुसऱ्या ओळीपासून व रकमांचा तिसऱ्या ओळीपासून दिला गेला, तर प्रत्येकाच्या नांवावर खालच्या ओळीवाल्याची रक्कम चढते, आणि संगणक चकार शब्द काढीत नाहीं.

अशा चुका घरगुती हिशेबांतच होतात असें कोणी मानूं नये. २०१० साली कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ ह्या अमेरिकेंतील दोघां नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. राष्ट्राचें सरकारी कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलें कीं वाढ खुंटते, असा त्यांतील आंकड्यांचा रोख होता. काटकसरीच्या धोरणाचे पुरस्कर्ते त्याचा दाखला देऊं लागले. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील थॉमस हर्न्डन ह्या विद्यार्थ्यानें मूळ कोष्टक मिळवून तपासलें. सरासरी काढणाऱ्या फंक्शनास ३० ते ४९ ह्या ओळी द्यावयाच्या, त्या ३० ते ४४ इतक्याच दिल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जम, कॅनडा व डेन्मार्क हीं पांच राष्ट्रें हिशेबाबाहेर राहिलीं. हर्न्डन व त्याचे अध्यापक मायकेल अॅश आणि रॉबर्ट पोलिन ह्यांनीं फेरहिशेब केला, तेव्हां जेथें वाढ उणे ०.१ टक्का दाखविली होती तेथें ती २.२ टक्के निघाली. हा सर्व फरक त्या पांच ओळींचाच नव्हता. कांहीं वर्षांचे आंकडे वगळणें व भार देण्याची पद्धत ह्यांचा वांटा त्यांत मोठा होता. मूळ लेखकांनीं ओळींची चूक मान्य केली, आपला मुख्य सिद्धांत मात्र सोडला नाहीं. वाद कोणाचाही खरा असो. जी चूक तीन वर्षें मोठमोठ्या पंडितांच्या नजरेंतून सुटली, ती एका विद्यार्थ्यास सांपडली, कारण त्यानें कंस उघडून आंत काय आहे तें पाहिलें.

निस्तरावयाचें कसें

पहिली गोष्ट अशी कीं, संगणकाचें तोंड बांधूं नये. 'इफ-एरर' नांवाचें एक फंक्शन आहे. चुकीची खूण आली तर तिच्याऐवजीं शून्य किंवा मोकळी जागा दाखवावी, अशी सोय त्यांत आहे. कोष्टक देखणें व्हावें म्हणून पुष्कळ लोक तें सर्वत्र लावून ठेवतात. हें रडणाऱ्या मुलाची दुखरी जागा न पाहतां त्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखें आहे. खूण कां आली तें कळल्यावरच तिचा बंदोबस्त करावा.

दुसरी गोष्ट, कंस उघडून पाहावा. एक्सेलमध्यें सूत्राच्या घरावर जाऊन वरच्या पट्टीजवळील 'एफएक्स' ही कळ दाबली असतां एक खिडकी उघडते. तींत प्रत्येक आर्ग्युमेंटाची जागा व त्याची प्रत्यक्ष किंमत शेजारीं शेजारीं दिसते. मुद्दलापुढें २० लाख आहेत कीं नुसते २० आहेत, हें तेथें क्षणांत कळतें. सूत्रांत सूत्र व त्यांतही सूत्र असें गुंतवळ झालें असेल, तर त्याचे तुकडे करून प्रत्येकाचें उत्तर निराळ्या घरांत काढावें. बिघाड कोणत्या तुकड्यांत आहे तें मग लपून राहत नाहीं.

तिसरी गोष्ट, उत्तर पाहण्यापूर्वीं अंदाज बांधावा. वरच्याच कर्जाचें पहिल्या महिन्याचें व्याज १५,००० रुपये होतें, आणि नुसतें मुद्दल २४० हप्त्यांत वांटलें तर हप्त्यास ८,३३३ रुपये पडतात. तेव्हां खरा हप्ता १५,००० हून जास्त व २३,३३३ हून कमी असलाच पाहिजे. एवढें तोंडी गणित केलें तरी अठरा पैसे, एक लाख आठ हजार व एक लाख ऐंशी हजार हीं तिन्ही उत्तरें दारांतूनच परत जातात.

मात्र १८,२५८ रुपये ह्या चाळणींतून निसटतात. म्हणून चवथी गोष्ट, म्हणजे जुन्या लोकांचा ताळा, सोडून चालणार नाहीं. महिन्यागणिक एक अशा २४० ओळी कराव्या. प्रत्येक ओळींत बाकीवर व्याज चढवावें, हप्ता वजा करावा. शेवटच्या ओळीस बाकी शून्य आली तरच हप्ता बरोबर. १८,२५८ रुपयांनीं कर्ज मुदतीच्या कितीतरी आधींच फिटून बाकी उणे होते, आणि चूक पदरांत पडते. संस्थेच्या हिशेबासही असाच ताळा आहे: सदनिकावार बेरजांची बेरीज बँकेंत जमा झालेल्या रकमेशीं ताडून पाहावी, आणि यादींतील नांवें इमारतींतील सदनिकांइतकीं आहेत कीं नाहींत तें मोजावें.

शेवटीं घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. 'आम्हांस संगणक येत नाहीं' असें म्हणून आपण ह्या कामांतून अंग काढून घेतां. परंतु तपासणीस लागणारें मुख्य ज्ञान आपणांपाशींच आहे. व्याज कोठवर जावें, वर्गणी किती जमावी, तांदळास किती पडावें, ह्याचा अंदाज ज्या आजोबांनीं व आजींनीं पन्नास वर्षें संसार केला त्यांच्याइतका कोणास असणार? कळा दाबण्याचें काम नातवंडांनीं करावें, आणि 'हा दर महिन्याचा कीं वर्षाचा?', 'ह्या यादींत कोण राहिलें?' हे प्रश्न वडिलांनीं विचारावे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं, किंवा एखाद्याचें नांव फलकावर लावण्यापूर्वीं, एक संध्याकाळ ह्या प्रश्नोत्तरांस दिली तर ती वाया जाणार नाहीं.